चित्रीकरणाला निघण्यापूर्वी, आणि ‘पॅक अप’ म्हणण्यापूर्वी

गेल्या वर्षी पत्रकारितेच्या अभ्यासक्रमासाठी आम्ही पाच जणांनी बेळगावच्या वडगाव भागात एका विणकर काकांवर 6 मिनिटांचा माहितीपट केला. चित्र चांगले आले, काका मोकळेपणाने बोलले, आणि संकलनाला बसल्यावर सगळे बिघडले. उत्तरांमधले आमचे प्रश्न कापले की तेथे आवाजाची पोकळी पडे. दोन उत्तरे एकमेकांना जोडली की मागची घरघर एकदम चढे किंवा एकदम उतरे, कारण मुलाखत चालू असताना शेजारच्या शेडमधले यंत्रमाग कधी दोन चालू होते, तर कधी चार. वर्गात माहितीपट दाखवल्यावर एका सरांनी विचारले, “मध्ये मध्ये लाइट गेली होती काय?” काकांना तर तेवढेच दिसले. “इतक्या वेळा माग बंद पडला तर साडी उतरायची कधी रे पोरांनो?”

आम्ही रूम टोन घेतला नव्हता. कोणीही बोलत नसताना त्या जागेचा जो आवाज असतो तो किमान एक मिनिट ध्वनिमुद्रित करून ठेवणे, एवढेच ते काम आहे. हाच आवाज कापलेल्या जागांखाली पसरला की जोड ऐकू येत नाहीत. दोन आठवड्यांनी तो आणायला परत गेलो, तर शेजारची शेड बंद होती आणि काकांच्या खोलीत पंखा लागला होता. त्या दिवशीचा आवाज पुन्हा मिळत नाही. म्हणून यंदा चित्रीकरणाला निघणाऱ्यांसाठी केलेल्या या यादीत ही ओळ सर्वांत वर लिहिली आहे.

कथासूत्र आणि शॉट लिस्ट कागदावर असावी, हे सांगायला नको. जागेची पाहणी मात्र ज्या वेळी चित्रीकरण करायचे आहे त्याच वेळी करावी, आणि पाच मिनिटे डोळे मिटून नुसते बसावे. टिळकवाडीत रेल्वे फाटकाजवळ घर निवडले असेल तर गाड्यांच्या वेळा लिहून घ्याव्यात. 1931 साली ‘आलम आरा’ या आपल्या पहिल्या बोलपटाचे चित्रीकरणही स्टुडिओजवळून जाणाऱ्या गाड्यांमुळे मध्यरात्रीनंतर करावे लागले होते, तेव्हा ही अडचण काही आपल्यापासून सुरू झालेली नाही. विणकराच्या घरी आवाज नको म्हणून माग बंद करायला सांगू नये, कारण मजुरी साडीवर मिळते आणि आपला अर्धा तास त्यांच्या हिशेबातून जातो. मुलाखत जेवणाच्या सुट्टीत घ्यावी, धोट्याची आणि हातांची दृश्ये माग चालू असताना. या दोन्ही वेळांचे रूम टोन वेगळे असतात, आणि दोन्ही घ्यावे लागतात.

परवानग्या आधी घ्याव्यात. किल्ल्यातील कमल बस्तीसारख्या पुरातत्त्व खात्याच्या वास्तूत कॅमेऱ्याची तिवई (ट्रायपॉड) लावायची असेल तर आगाऊ अर्ज करावा लागतो. कॅन्टोन्मेंटच्या लष्करी हद्दीत कॅमेरा पिशवीतून काढूच नये, आणि ड्रोनचा विचार सोडून द्यावा. ज्यांचे चित्रण करणार त्यांची लेखी संमती घ्यावी, तीही त्यांना वाचता येते त्या भाषेत. आपल्याकडे घरात मराठी बोलणारा माणूस कानडी शाळेत शिकलेला असू शकतो, म्हणून दोन्ही भाषांतले कागद बरोबर ठेवावेत.

आदल्या रात्री बॅटऱ्या चार्ज कराव्यात आणि कार्डे रिकामी करावीत. 100 मेगाबिट प्रतिसेकंद वेगाने 4के चित्रण केले तर 64 जीबीचे कार्ड जेमतेम 85 मिनिटे पुरते. महाविद्यालयीन कामाला 1080 (फुल एचडी) पुरेसे आहे, हट्ट करू नये. बरेचसे जुने डीएसएलआर कॅमेरे 29 मिनिटे 59 सेकंदांनी आपोआप थांबतात आणि समोरचा माणूस बोलत राहतो, म्हणून लांब मुलाखत मध्येच थांबवून पुन्हा सुरू करावी. हेडफोन घ्यावा. मोबाइलचा चालेल, पण कानाला लावलेला हवा, गळ्यात अडकवलेला नव्हे.

जागेवर पोहोचल्यावर आधी प्रकाश पाहावा. आपली वीज 50 हर्ट्झची असल्याने जुन्या चोकच्या ट्यूबलाइटखाली सेकंदाला 25 फ्रेम आणि शटरचा वेग 1/50 सेकंद ठेवावा, नाहीतर चित्रात पट्टे सरकताना दिसतात. खिडकीचा उजेड आणि पिवळा बल्ब एकत्र असतील तर एक बंद करावा आणि व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरे पांढरेच दिसावे म्हणून कॅमेऱ्यात ठेवायचा रंगाचा तोल, हाताने ठरवावा. ऑटोवर ठेवला तर काकांचा चेहरा वाक्यावाक्याला रंग बदलतो. प्रत्येक शॉट किमान 10 सेकंद स्थिर धरावा. आमच्या कॅमेरावाल्याने मागावरून सरकत जाणारे 14 शॉट घेतले आणि त्यांतले दोन वापरता आले.

आवाजाची पातळी बोलताना मीटरवर उणे 12 डेसिबलच्या आसपास राहील अशी ठेवावी. कॉलरचा माइक शर्टाच्या आत लपवला की कापड घासते, त्यापेक्षा तो दिसला तरी चालेल. आणि आता पुन्हा रूम टोन. तोच माइक, तीच जागा, तीच पातळी, पंखा असेल तसाच, आणि खोलीत जेवढी माणसे होती तेवढीच, कारण माणसे बाहेर गेली की खोलीचा आवाज बदलतो. सुरुवातीला मोठ्याने म्हणावे, “रूम टोन, माग बंद,” म्हणजे पुढे फाइल ओळखता येते. मग 60 सेकंद घड्याळ लावून उभे राहावे. ते फार लांब वाटतात, कोणीतरी हसते, कोणाची तरी चप्पल वाजते. पुन्हा घ्यावे. मुलाखतीच्या मध्येच शेजारचा माग सुरू झाला तर त्याचाही घ्यावा.

हे काम शेवटी करू असे म्हणू नये. आम्ही तेच म्हणालो होतो. ‘पॅक अप’ शब्द उच्चारला की कोणी वायर गुंडाळतो, कोणी तिवई मिटतो, काकू चहा आणतात, आणि मग “जरा एक मिनिट गप्प राहा” असे सांगण्याची कोणाचीच हिंमत होत नाही. म्हणून प्रत्येक जागेचा रूम टोन मुलाखत संपल्याबरोबर, कॅमेऱ्याला हात लावण्यापूर्वी घ्यावा, आणि तो झाला की नाही हे विचारण्याची जबाबदारी एकाच माणसावर नाव घेऊन टाकावी. ‘सगळ्यांनी लक्षात ठेवा’ म्हणजे कोणीच ठेवणार नाही.

त्याच संध्याकाळी फाइल दोन ठिकाणी उतरवाव्यात, तोवर कार्ड पुसू नये. रूम टोनची फाइल उघडून ऐकावी. उपशीर्षके कानडी आणि इंग्रजीत, कानडीची तपासणी कानडी येणाऱ्याकडून. सादरीकरणाच्या आदल्या दिवशी वर्गातल्याच स्पीकरवर एकदा लावून पाहावे. श्रेयनामावलीतली नावे ज्याची त्याच्याकडून कागदावर लिहून घ्यावीत, कारण आमच्या माहितीपटात काकांचे आडनावही चुकले होते.