एक्सएमएलचा डेटा फंक्शनल भाषेत आणताना या चुका टाळा

तयार 'एक्सएमएल टू मॅप' लायब्ररी, म्हणजे एक्सएमएलच्या टॅगमधला डेटा की-व्हॅल्यूच्या जोड्यांत (मॅपमध्ये) आणून देणारा आयता कोड, हे सगळ्यात मोठं दुखणं. एका ओळीत काम होतं म्हणून नवीन मुलं आधी तीच उचलतात. अशा बऱ्याच लायब्रऱ्या टॅग एकदा आला तर मॅप देतात, दोनदा आला तर यादी.

चाकणच्या एका कारखान्याच्या सुट्या भागांच्या ऑर्डरी आमच्याकडे क्लोजर या फंक्शनल भाषेत वाचल्या जायच्या. टेस्टला घेतलेल्या प्रत्येक ऑर्डरीत भरपूर आयटम. लाइव्ह गेल्यावर एकाच आयटमची ऑर्डर आली आणि तिची बेरीज शून्य! एरर नाही, लॉगमध्ये काही नाही. गोदामातून "साहेब, बिल शून्याचं आलंय" असा फोन आला तेव्हा कळलं. क्लोजरमध्ये मॅपवर फिरलं की की-व्हॅल्यूच्या जोड्या हातात येतात. जोडीला नग विचारले की निल (म्हणजे काहीच नाही) मिळतं, 'कीप' हे फंक्शन ते गुपचूप गाळतं, आणि रिकाम्या यादीची बेरीज शून्यच. ज्याचा कोड होता त्या मुलाने लगेच "यादी नसेल तर यादीत गुंडाळ" असा इफ टाकला. असली ठिगळं मी रिव्ह्यूत पास करत नाही. उद्या दुसऱ्या टॅगवर हेच होणार, आणि आयटमच नसेल तर तो इफ निललाही यादीत गुंडाळणार.

मी प्रत्येक घटकासाठी छोटं फंक्शन हाताने लिहितो. स्कीमात (फाइलच्या रचनेचे नियम) 'मॅक्सऑकर्स', म्हणजे टॅग जास्तीत जास्त किती वेळा येऊ शकतो तो आकडा, एकपेक्षा जास्त असेल तर तिथे कायम व्हेक्टर (क्लोजरची यादी), मग आयटम शून्य असोत, एक असो की शंभर. तासभर जास्त जातो, जाऊ दे.

आकडा दिसला की इंटिजर करायची घाई नको. पुण्याचा एसटीडी कोड ०२०. इंटिजर केला की २० उरतो. मजकूर क्लोजरचा कोड म्हणून वाचणाऱ्या 'रीड-स्ट्रिंग'मधून काढलात तर १६, कारण पुढच्या शून्यामुळे तो ऑक्टल (आठच्या पायाचा आकडा) धरला जातो. शिवाय बाहेरून आलेल्या डेटावर 'रीड-स्ट्रिंग' चालवणं धोक्याचं, त्यातून कोडही चालू शकतो. ज्याची बेरीज-वजाबाकी होणार नाही, तो आकडा स्ट्रिंगच ठेवा.

इंडेंट केलेल्या फाइलमध्ये टॅगच्या आतलं पहिलं मूल (चाइल्ड नोड) बहुधा न्यूलाइन, म्हणजे नुसती ओळ तोडणारी मोकळी जागा असते. 'फर्स्ट'ने पहिलंच न उचलता टॅगच्या नावाने निवडा.

रिकामा टॅग आणि नसलेला टॅग वेगळे. हॅस्केल या फंक्शनल भाषेत दोघांना 'नथिंग' (किंमतच नाही) करू नका.

नेमस्पेस (टॅग कोणत्या शब्दसंग्रहातला ते) यूआरआयवरून, म्हणजे त्याच्या पत्त्यासारख्या पूर्ण नावावरून ओळखा, टॅगपुढच्या छोट्या प्रीफिक्सवरून नाही.

अर्लँग या फंक्शनल भाषेतलं एक्सएमएल वाचणारं 'एक्समर्ल स्कॅन' टॅगच्या नावांचे अ‍ॅटम करतं. अ‍ॅटम (नाव म्हणून नोंदवलेले स्थिर शब्द) मेमरीतून कधीच जात नाहीत, मर्यादा मुळात १०,४८,५७६ ची, आणि ती भरली की अख्खं व्हीएम (प्रोग्रॅम चालवणारं व्हर्च्युअल मशीन) कोसळतं. अनोळखी फाइल असेल तर टॅगच्या नावांचे असे शब्द न बनवता फाइल क्रमाने वाचणारा सॅक्स पार्सर घ्या.