बर्डीवर जाण्याआधी यंत्रांची मागची बाजू बघून घ्या

रिसिव्हर, म्हणजे घरातल्या यंत्रांचा आवाज मोठा करून स्पीकरला देणारा डबा, घ्यायचं मनात आलं की आपण थेट दुकान गाठतो, किंमत विचारतो, वॅट विचारतो. घरात जुनी यंत्रं असतील तर सुरुवात घरातूनच करा. रविवारी टीव्हीचं कपाट पुढे ओढा, मागची धूळ पुसा आणि प्रत्येक यंत्राच्या पाठीचा मोबाईलवर फोटो काढा. मग एका वहीत यंत्रागणिक एक ओळ लिहा: आवाज कोणत्या सॉकेटातून निघतो, चित्र कोणत्या. कमी बजेटमध्ये कंपन्या सगळ्यात आधी जुनी सॉकेट्सच काढून टाकतात, म्हणून ही वही हातात असल्याशिवाय बर्डीवर, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डीच्या बाजारात, जाऊ नका.

मी गेलो होतो. घरी येऊन बाबांचा रेकॉर्ड प्लेअर जोडला आणि आवाज पूर्ण वाढवला, तरी गाणं शेजारच्या घरातून ऐकू यावं इतकं बारीक, तबल्याचा डग्गा तर नाहीच. बाबा काही बोलले नाहीत, रेकॉर्ड परत पाकिटात घातली. रिसिव्हर चांगला होता, त्याला फोनो इनपुट, म्हणजे रेकॉर्ड प्लेअरसाठीचं खास सॉकेट, नव्हतं एवढंच. कार्ट्रिज म्हणजे प्लेअरची सुई जिच्यात बसते ती डबी. तिच्या मूव्हिंग मॅग्नेट या प्रकारातून साधारण ५ मिलिव्होल्ट निघतात, सीडी प्लेअरमधून २ व्होल्टपर्यंत. शिवाय रेकॉर्ड कापतानाच खालचे सूर दाबलेले आणि वरचे उचललेले असतात. ते पुन्हा जागेवर आणायचं कामही फोनो इनपुटच करतं. त्यामुळे दुकानात ‘टर्नटेबल चालेल का, भाऊ?’ असं विचारून भागत नाही. रिसिव्हर उलटा करायला सांगा आणि ‘फोनो’ ही अक्षरं स्वतः वाचा. नसतील तर हेच काम करणारा वेगळा डबा, फोनो प्रीअँप, घ्यावा लागेल, त्याचे पैसे आधीच बाजूला ठेवा. तुमच्या प्लेअरला सिरॅमिक प्रकारची कार्ट्रिज असेल तर मात्र फोनो नको, साधं ‘ऑक्स’ इनपुट पुरतं; म्हणून कार्ट्रिजवरचं नाव आणि नंबरही वहीत उतरवा. लाल-पांढऱ्या पिनांसोबत एक बारीक सुटी तार लोंबत असेल तर ती कापू नका. ती अर्थची तार, रिसिव्हरच्या ग्राउंडच्या स्क्रूखाली दाबायची. नाहीतर गाण्याखाली सतत घुंऽऽ ऐकू येत राहतं.

फक्त रेकॉर्ड, कॅसेट आणि मोबाईलवरची गाणी ऐकायची असतील तर पाच स्पीकरांच्या मागे लागूच नका, असं माझं स्पष्ट मत आहे. सोनीच्या एसटीआर-डीएच१९० सारख्या दोन चॅनेलच्या रिसिव्हरला फोनो आहे, ब्लूटूथ आहे, एचडीएमआय नाही. ज्याचं घर गाण्यांचं आहे त्याला एवढं पुरतं.

आता स्पीकर. मागच्या चिठ्ठीवर किती ओहम (विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) लिहिलंय ते बघा. चिठ्ठी उडाली असेल तर तार काढून मल्टिमीटर लावा. ८ ओहमचा स्पीकर साधारण ६ ते ७ दाखवतो, ४ ओहमचा साडेतीनच्या आसपास. रिसिव्हरवर ‘६ ते १६ ओहम’ लिहिलं असेल आणि तुमचे स्पीकर ३ किंवा ४ ओहमचे असतील, तर जोर दिल्यावर रिसिव्हर तापून बंद पडू शकतो. डीव्हीडीसोबत डब्यात मिळालेल्या जुन्या होम थिएटरचे स्पीकर बरेचदा असेच असतात, आणि त्यातल्या सबवूफरला, म्हणजे खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या डब्याला, स्वतःचा अँप (अँप्लिफायर) नसतो. नव्या रिसिव्हरच्या सबवूफर सॉकेटातून फक्त सिग्नल निघतो, त्यामुळे तो सबवूफर मुका राहील. तसंच स्पीकरच्या कागदी कोनाभोवतीची फोमची कड बोटाने हलकेच दाबून बघा. आपल्याकडच्या उन्हाळ्यांनी ती बिस्किटासारखी चुरली असेल तर आधी कड बदलून घ्या, रिसिव्हर नंतर.

चित्राचं सोपं आहे. पिवळ्या पिनेतून आलेलं चित्र स्वस्त रिसिव्हर बहुधा एचडीएमआयमध्ये बदलून देत नाही. म्हणून जुन्या डीव्हीडी किंवा व्हीसीआरची पिवळी पिन थेट टीव्हीला आणि लाल-पांढरी रिसिव्हरला लावा. टीव्हीच्या एचडीएमआयजवळ ‘एआरसी’ लिहिलंय का बघा; म्हणजे टीव्हीचा आवाज त्याच वायरीने रिसिव्हरला परत येतो. ही सोय २००९ च्या एचडीएमआय १.४ पासून आली. त्याआधीचा टीव्ही असेल तर रिसिव्हरला ऑप्टिकल इनपुट हवंच.

वॅटचा आकडा वाचताना त्याखालची बारीक ओळ वाचा. एकच चॅनेल, ६ ओहम, १ किलोहर्ट्झ अशा मापाने मोठा आकडा सहज छापता येतो. दोन चॅनेल, ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ असं लिहिलेला आकडाच धरा. वॅट दुप्पट केले तरी आवाज जेमतेम ३ डेसिबलने वाढतो, म्हणून ७० आणि ८० वॅटमधल्या फरकासाठी पैसे मोजू नका. तेच पैसे फोनोला द्या.

जुना रिसिव्हर घेत असाल किंवा मुलाने अमेरिकेतून पाठवला असेल, तर प्लग लावण्याआधी पाठीवरचा व्होल्टेज वाचा. १२० व्होल्टचा असेल तर तो आपल्या २३० वर सरळ लावायचा नाही, पुरेशा क्षमतेचा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर हवा.

शेवटी जागा. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि रिसिव्हर स्वतःही तापतो. बंद कपाटात तो कोंबू नका, डोक्यावर वीतभर मोकळी जागा सोडा, वर सेट-टॉप बॉक्स ठेवू नका. कूलरच्या झोतासमोर तर नकोच, ती ओली हवा सॉकेट्सना गंज आणते. त्या जागेची लांबी, रुंदी, खोली टेपने मोजून वहीत लिहा. खोली मोजताना मागच्या वायरींसाठी चार बोटं जास्त धरा. माझा रिसिव्हर आता बैठकीच्या खिडकीखाली उघड्या स्टुलावर आहे. बाजूला छोटा फोनो प्रीअँप आहे, आणि डग्गा ऐकू येतो.