ताप कधी आला होता, ते आधी सांगा

आमच्या लॅबच्या काउंटरवर सगळ्यात हळू आवाजात होणारी चौकशी म्हणजे वीर्य तपासणीची. माणूस आधी विचारतो, 'शुगरचे किती?' मग 'सीबीसीचे किती?' बाकीचे पेशंट बाहेर पडले की डॉक्टरांची चिठ्ठी पुढे सरकवतो. त्यात काउंटरला बाई बघून निम्मे तर उद्या येतो म्हणून जातात. एकोणीस वर्षं मी त्या चिठ्ठ्या घेतेय. हल्ली नमुन्याची डबी देण्याआधी मी एकच विचारते: गेल्या तीन महिन्यांत ताप आला होता का? कोविड, डेंगी, टायफॉइड, काहीही?

हे शहाणपण मला २०२१च्या जूनमध्ये चूक करून आलं. ट्रॅक्टर चालवणारा तिशीतला मुलगा, लग्नाला दीड वर्ष. काउंट, म्हणजे शुक्राणूंची संख्या, आला मिलीला तीस लाख, फारच कमी. दोनदा मोजला, तेवढाच. रिपोर्ट गेला. मे महिन्यात त्याला कोविड झाला होता आणि सहा दिवस ताप १०२च्या खाली नव्हता, हे त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. घरात महिनाभर सुतक असल्यासारखं. आईने कुठून तरी महागड्या पुड्या आणल्या. सप्टेंबरात पुन्हा तपासलं तर सव्वाचार कोटी. श्रेय पुड्यांना गेलं, ते जाऊ दे.

शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात, त्यानंतर नळीतून पुढे सरकत पक्का व्हायला आणखी दहा-बारा. अंडकोश शरीराबाहेर असतात ते उगाच नाही, त्यांना पोटापेक्षा दोन-चार अंश थंड जागा लागते. कोविडचा विषाणू वीर्यात क्वचितच सापडलाय, पण ताप आणि अंगातली सूज हे पीक करपवायला पुरेसे होतात. आजचा नमुना म्हणजे अडीच महिन्यांपूर्वीची पेरणी.

म्हणून पहिलं काम, ताप उतरला ती तारीख कॅलेंडरवर लिहा. तिथून तीन महिने मोजा आणि मग तपासा. आधीच तपासून वाईट आकडा हातात आला असेल, तर दुसरा रिपोर्ट येईपर्यंत त्या आकड्यावर कुणाला दोष देऊ नका. मधल्या काळात जवळ येणं थांबवायची गरज नाही. पण बायकोचं वय ३५च्या पुढे असेल तर हे तीन महिने घरी बसून घालवू नका, डॉक्टरांना आत्ताच भेटा. आणि अंडकोश सुजला, जोराचा दुखायला लागला, तर कोविडनंतरचं असेल म्हणून वाट बघायची नाही. पीळ पडलेला असला तर हातात सहा-एक तासच असतात.

एक गोष्ट चिडून सांगते. आजारानंतर अशक्तपणा आला म्हणून जिममधल्या कुणाच्या सल्ल्याने टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेणारे असतात. बाहेरून ते मिळालं की शरीर आतलं उत्पादन बंद करतं. दंड फुगतात, काउंट शून्याकडे जातो. घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका.

आता नमुना. किमान दोन दिवस आणि जास्तीत जास्त सात दिवस संबंध किंवा हस्तमैथुन नको. पंधरा दिवस साठवून आणलं म्हणजे आकडा चांगला येतो असं नाही, हालचाल मंदावते. डबी आमच्याकडूनच न्या. जॅमची धुतलेली बाटली नको. साबण, तेल, थुंकी काही लावू नका. साध्या निरोधातही आणू नका, त्यातल्या रसायनाने शुक्राणू मरतात. पहिला थेंब सगळ्यात महत्त्वाचा, तोच सांडतो आणि मग माणूस संकोचाने सांगत नाही. सांडला तर सांगा, मी तसं लिहिते. घरून आणणार असाल तर अर्ध्या तासात पोचा. डबी शर्टाच्या आत अंगाशी धरा. थंडीत मोटारसायकलच्या डिकीतून आलेला नमुना मी स्लाइडवर बघितलाय, सगळे गारठून पडलेले.

रिपोर्ट आला की लोक थेट शेवटच्या ओळीवर जातात: 'नॉर्मल आकार ४ टक्के'. म्हणजे ९६ टक्के बिघडलेले? अहो, ४ टक्के पुरतात. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ची खालची रेषा अशी: वीर्य १.४ मिली, मिलीला १ कोटी ६० लाख, एकूण हालचाल ४२ टक्के, पुढे सरकणारे ३० टक्के. या रेषा आल्या कुठून, तर वर्षाच्या आत बाप झालेल्या पुरुषांकडून, आणि त्यांच्यातलेही शंभरात पाच जण रेषेखालीच होते. तेव्हा रेषेखाली म्हणजे नापास नव्हे.

बायकांचं थोडक्यात. कोविडनंतर एखादी पाळी लांबते, जास्त जाते, बहुतेक वेळा एक-दोन महिन्यांत बसते. पाळी लांबली तर आधी सकाळच्या लघवीवर प्रेग्नन्सी टेस्ट करून बघा. तीन महिने पाळीच नाही तर डॉक्टर. फोलिक अॅसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी दिवस राहायच्या आधीपासून सुरू करावी. दिवस असताना कोविड झाला तर अंगावर काढू नका, वेळेआधी बाळंतपण आणि रक्तदाबाचा त्रास दोन्ही वाढतात. तापाला पॅरासिटामॉल चालतं, इब्युप्रोफेन मनाने घेऊ नका. धाप लागली किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर रात्रीसुद्धा निघा.

लसीबद्दल अजून विचारतात. बोस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी दोन हजारांहून जास्त जोडप्यांचा मागोवा घेऊन २०२२मध्ये सांगितलं: लसीने दिवस राहण्यात फरक पडला नाही, पण पुरुषाला कोविड होऊन साठ दिवस झाले नव्हते तिथे शक्यता थोडी घटली. पुन्हा तोच तापाचा हिशोब. आपल्याकडे गरोदर बायकांना लस जुलै २०२१पासून सुरू झाली.

परवा एक सासूबाई सुनेला घेऊन आल्या. "ताई, हिच्या सगळ्या तपासण्या लिहून घ्या, आमच्या लेकाला काय झालंय?" मी डबी त्यांच्याच हातात दिली. सोमवारी लेक आला. ताप होता का, विचारलं. म्हणाला, "दिवाळीत होता." मी बोटांवर मोजलं, त्याला तीन आठवडे थांब म्हणाले, आणि डबी परत घेतली नाही, घरीच ठेव म्हटलं.