कलमं एकत्र आणायची तर रोपवाटिका आधी बघून या

पाऊस लागला की दुचाकीला आंब्या-काजूची पाच-दहा कलमं बांधून आणणारा कुणीतरी रोज दिसतो. घरी पोचेपर्यंत निम्मी पालवी वाऱ्याने झोडपलेली. त्यापेक्षा वाडीतल्या सात-आठ घरांनी मिळून थेट रोपवाटिकेतून एक टेम्पो भरून आणावा. दरात थोडं कमी-जास्त होतं, पण खरा फायदा तो नव्हेच. दहा कलमं घेणाऱ्याला पुढ्यात येतील ती उचलावी लागतात, दोनशे घेणाऱ्याला निवडून घेता येतात.

हिशेब आधी करा. आंबा 10 बाय 10 मीटरवर एकरी 40, काजू 7 बाय 7 मीटरवर एकरी 80. आठ घरांची आंब्याची अर्धा-अर्धा एकर लागवड म्हणजे 160 कलमं. त्यावर दहा टक्के जादा सांगा, नांग्या, म्हणजे मेलेल्या कलमांच्या रिकाम्या जागा, भरायला लागतातच. सगळा हापूसच नको. हापूस स्वतःच्या परागावर नीट धरत नाही, म्हणून दहातलं एखादं झाड केसर किंवा रत्नाचं असू द्या. एकट्याला दोनच रत्ना मागायला अवघड वाटतं, गटाच्या मागणीत ते सहज बसतं.

पैसे देण्याआधी दोघांनी रोपवाटिकेत जाऊन यावं. परवाना बघा, डोळकाड्या, म्हणजे कलमासाठी वर जोडायच्या फांद्या, कुठल्या झाडांवरून काढतात ते विचारा आणि ती मातृवृक्षं दाखवायला सांगा. मग कलमाचा जोड बघा. तो एकजीव झालेला हवा, बोटाने हलकं दाबल्यावर हलता कामा नये. आता एक काम जे एकटा माणूस सहसा करत नाही: एका कलमाचे पैसे द्या आणि पिशवी फाडून मुळं बघा. मुळं तळाशी गोल गुंडाळलेली असतील तर तो लॉट दोन-तीन वर्षं पिशवीतच पडून राहिलाय, उंची कितीही छान दिसो. 176 कलमांत एक गेलं तर काय बिघडलं?

जातींची गल्लत गाडी भरतानाच होते. वेंगुर्ला-4 आणि वेंगुर्ला-7 या वयात सारख्याच दिसतात, चूक कळते ती काजू धरल्यावर. आमच्याकडे एकदा हे झालंय. तेव्हापासून प्रत्येक जातीच्या पिशवीला वेगळ्या रंगाची सुतळी बांधूनच कलम गाडीत चढवतो. कलम उचलायचं ते पिशवीला धरून, खोडाला नाही. गाडी संध्याकाळी काढा आणि वरून शेडनेट घट्ट बांधा.

आणल्या आणल्या लावू नका. आठ-दहा दिवस सावलीत, पाणी न साचणाऱ्या जागी ठेवा. तोवर मेलेली कलमं कुणाच्या खात्यावर जाणार, हे गाडी येण्याआधीच ठरवून वहीत लिहा. आम्ही ती सगळ्यांत वाटून घेतो. पावती मात्र ज्याच्या-त्याच्या नावाने, जातवार संख्येसह घ्या. अनुदानासाठी अर्ज केलेल्याला एकत्र पावतीचा उपयोग होत नाही.

खड्डे मे महिन्यात शेणखत घालून भरले असतील तर दोन-चार चांगल्या सरी पडल्यावर लावा. जोड मातीच्या वर राहील एवढंच कलम खाली जाऊ द्या, पिशवी पूर्ण काढा, काठीचा आधार द्या. जोडाची प्लॅस्टिक पट्टी राहिली असेल तर सोडवा. पुढे खुंटावर, म्हणजे जोडाखालच्या मूळ रोपावर, फुटवा दिसला की लगेच खुडा, नाहीतर हापूसच्या नावाखाली रायवळ वाढवत बसाल.