एसीचं पाणी पायाशी

ड्रायव्हरशेजारच्या सीटपुढची मॅट सारखी ओली व्हायची. पावसाचे दिवस, म्हणून दाराच्या रबरावर संशय घेतला. गॅरेजवाला म्हणाला, "डॅशबोर्ड खोलावा लागेल." पोटात गोळाच आला.

पाणी बोटावर घेतलं. रंग नाही, चिकटपणा नाही, गोडसर वासही नाही, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं कूलंट नव्हे. (ते असतं तर गाडी गपचूप गॅरेजला दिली असती.) उघडीप होती त्या दिवशीही एसी लावल्यावर मॅट भिजली. मग लक्षात आलं, एसी चालू असताना गाडीखाली जे थारोळं साचतं ते कित्येक दिवसांत दिसलंच नव्हतं!

एसीचं पाणी गाडीखाली सोडणारी निचऱ्याची नळी तुंबली होती. माझ्या गाडीत ती इंजिनामागच्या पत्र्यातून बाहेर येते. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर तिच्यात लांब, मऊ केबल टाय हळूहळू सारला. लोखंडी तार मुद्दाम टाळली, कारण आतला, हवा थंड करणारा कॉइल नाजूक असतो. भसकन पाणी आलं, मागोमाग काळा गाळ, सगळा माझ्या बाहीवर.

खर्च शून्य. कार्पेटखालचा फोम मात्र वाळायला तीन दिवस लागले आणि कुबट वास अजून पुरता गेलेला नाही.