सिनेमातल्या गाडीवर घासून लावायचे डेकल

मॉडेल गाडीवर नंबर, पट्टे, चिन्हं उमटवायची छापील नक्षी म्हणजे डेकल. पाण्यात भिजवून लावायचं डेकल ओलं आहे तोवर मिलिमीटरभर इकडेतिकडे सरकवता येतं. ड्राय ट्रान्सफरला, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच्या शीटवरून कोरडंच घासून उतरवायच्या डेकलला, ती सवड नाही. शाईच्या थराला दाबाने चिकटणारा गोंद असतो आणि तो रंगाला टेकला की टेकला. त्या बदल्यात चिन्हाभोवती पारदर्शक फिल्मची कड राहत नाही, आकडा थेट रंगवल्यासारखा दिसतो. शोकेसमधल्या गाडीला याहून सुंदर काही नाही. लेट्रासेटने 1961 मध्ये ही पद्धत बाजारात आणली ती अक्षरजुळणीसाठी. बडोद्यात फाइन आर्ट्स किंवा ड्राफ्टिंगचं शिक्षण झालेल्या घरांत अशी एखादी जुनी शीट अजूनही कपाटात सापडते. तिचा गोंद वाळलेला असतो, अक्षरं तडकतात, त्यामुळे ती मॉडेलवर वापरू नका. पण हाताचा दाब बसवायला जुन्या प्लास्टिकच्या डब्यावर तिचा सराव जरूर करा.

आधी हवेचा विचार. आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सर्वांत चांगला काळ. मे महिन्यात दुपारी गोंद मऊ पडतो, शीट नुसती टेकवली तरी पकड घेते आणि लांब पट्टा ताणला जाऊन वाकडा होतो. अशा दिवसांत पहाटे काम करा, किंवा गाडी आणि शीट दोन्ही तासभर एसीच्या खोलीत ठेवून मग सुरुवात करा. पावसाळ्यात डेकल लागतं, पण वरून मारलेला क्लिअर स्प्रे दमट हवेत पांढुरका पडतो. उत्तरायणाच्या सुमारास हवा कोरडी असते, तेव्हा शीटवर स्थिर वीज साठते आणि ती धागे, धूळ ओढून घेते. टेबल ओल्या फडक्याने पुसा, पंखा बंद ठेवा.

1:18 आणि 1:24 च्या (म्हणजे खऱ्या गाडीच्या अठराव्या आणि चोविसाव्या हिश्श्याच्या) बहुतेक डायकास्ट, म्हणजे साच्यात ओतलेल्या धातूच्या गाड्यांची बॉडी खालचे स्क्रू काढले की सुटते. ती कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाकून मऊ ब्रशने धुवा आणि पूर्ण वाळू द्या. दुकानातून चकाकी यावी म्हणून लावलेलं सिलिकॉन पॉलिश हा खरा शत्रू, त्यावर गोंद धरतच नाही. ते काढायला कापसाच्या बोळ्यावर थोडंसं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, पण आधी गाडीच्या तळाशी, न दिसणाऱ्या जागी तपासा. काही अ‍ॅक्रिलिक रंग त्याने विरघळतात. पुसून झाल्यावर त्या जागेला बोट लावू नका.

रंग तुम्हीच दिला असेल तर इनॅमलला किमान आठवडा द्या. नाकाजवळ धरून वास येत असेल तर रंग अजून सॉल्व्हेंट सोडतोय, ट्रान्सफरखाली फुगे येणार. पृष्ठभाग चकचकीत हवा. मॅट रंग भिंगातून पाहिला तर खडबडीत असतो, छाप फक्त उंचवट्यांना टेकते आणि मधे मधे सुटते. गाडी मॅट दाखवायची असली तरी डेकल ग्लॉसवर लावा, मॅट कोट शेवटी द्या.

हत्यारं थोडीच लागतात: 11 नंबरच्या पात्याचा चाकू, कमी चिकट मास्किंग टेप, भिंग, टोकाला बारीक गोळी असलेलं एम्बॉसिंग टूल. ते नसेल तर शाई संपलेलं बॉलपेन चालतं. मोठ्या भागासाठी आइस्क्रीमची काडी, कडा घासून गोल केलेली.

माप आधी तपासा. अमेरिकन नंबरप्लेट 12 बाय 6 इंच असते, म्हणजे 1:18 ला साधारण 17 बाय 8.5 मिमी आणि 1:24 ला 12.7 बाय 6.35 मिमी. तयार शीट या मापाशी जुळत नसेल तर ती दुसऱ्या स्केलची आहे.

आता प्रत्यक्ष काम. हवं ते चिन्ह पाठकागदासकट, भोवती 4-5 मिमी जागा सोडून कापा. पूर्ण शीट गाडीवर ठेवून घासू नका, शेजारची अक्षरंही उमटतात. चिन्हाच्या उभ्या-आडव्या मध्यरेषा वरच्या प्लास्टिकवर बारीक पेनाने आखा. बॉडीवर टेपचे तुकडे लावून त्यांवर पेन्सिलीने खुणा करा. टेप आधी काचेवर दोन-तीनदा चिकटवून काढा, म्हणजे कारखान्यात छापलेली बारीक अक्षरं तिच्याबरोबर उपटली जाणार नाहीत. पाठकागद असतानाच जागा नक्की करा, एका कडेला टेप लावून बिजागरी करा, मग तुकडा वर उचलून पाठकागद काढा आणि सरळ खाली आणा.

मधून कडेकडे, हलक्या, एकावर एक येणाऱ्या फटकाऱ्यांनी घासा. जोर लावला तर प्लास्टिक ताणतं आणि शाईला केसाएवढ्या चिरा जातात. भाग सुटला की तो प्लास्टिकमधून फिका, करडा दिसू लागतो, सगळीकडे तो रंग आला की थांबा. सोलताना प्लास्टिक जवळजवळ उलटं दुमडून, अगदी सावकाश मागे न्या. एखादा कोपरा वर येतोय असं दिसलं तर तिथेच थांबा, प्लास्टिक परत टेकवा, तेवढाच भाग पुन्हा घासा. पूर्ण निघाल्यावर पाठकागदाची गुळगुळीत बाजू छापेवर ठेवून त्यावरून एकदा दाबून घासा. ही पायरी पुष्कळजण गाळतात आणि महिन्याभरात कडा उठतात.

लांब पट्टे सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरच्या टप्प्यांनी घासा. दाराच्या फटीवरून पट्टा जात असेल तर तो अखंड लावा, नंतर नव्या पात्याने फटीच्या रेषेत कापा आणि दोन्ही कडा लाकडी टूथपिकने आत दाबा.

वक्र पत्र्यावर खरी परीक्षा. हर्बीच्या, म्हणजे डिस्नेच्या सिनेमांतल्या 53 नंबरच्या फोक्सवॅगन बीटलच्या बॉनेटवर मधोमध उंच कणा असतो आणि गोल चकती त्याच्यावरूनच जाते. ड्राय ट्रान्सफरची शाई ताणत नाही, तिथे ती तडकणार. अशा जागी वळसा घ्या. चकती आधी पाण्याच्या डेकलच्या कोऱ्या पारदर्शक कागदावर घासून उतरवा, पातळ क्लिअर कोट द्या, दिवसभर वाळू द्या, कडेला खेटून कापा आणि मग डेकल सॉफ्टनर (फिल्म मऊ करून वळणावर बसवणारं द्रावण) लावून बसवा. फिल्मची कड अगदी थोडी दिसते, पण तडकलेल्या 53 पेक्षा हजार पटीने बरी.

‘बॅक टू द फ्यूचर’मधल्या डीलोरियनचा प्रश्न वेगळा. मूळ गाडीची बॉडी स्टेनलेस स्टीलची, रंग न दिलेली. मॉडेलवरचा तो धातूचा पोत क्लिअर कोटखाली बदलतो. म्हणून ‘आउटाटाइम’ लिहिलेली तिची नंबरप्लेट सुटी काढून तिच्यावरच अक्षरं लावा, तिथेच सील करा आणि मग गाडीवर चिकटवा.

चूक झालीच तर मास्किंग टेप छापेवर टेकवून उचला, दोन-चार वेळात शाई निघते. राहिलेले कण मऊ खोडरबराने. टर्पेंटाइन लावू नका, त्याने खालचा इनॅमलही जातो.

सील करण्याआधी 24 तास थांबा. पहिला कोट पाण्यावर आधारित अ‍ॅक्रिलिक वार्निशचा घ्या. लॅकर स्प्रेचा ओला, जाड थर शाई विरघळवून सुरकुत्या पाडतो. काचा झाका, 25-30 सेंमी अंतरावरून दोन अगदी पातळ, जवळजवळ कोरडे फवारे, मधे पंधरा-वीस मिनिटं. ते वाळल्यावर एक ओलसर कोट.

उरलेली शीट पाठकागदासकट झिपच्या पिशवीत, सिलिका जेलची पुडी घालून, आडवी ठेवा. वर वजन ठेवू नका, उन्हाच्या बाजूचं कपाट टाळा.