ट्रेलर ओढताना पिकअपमध्ये जादा पेट्रोल नेणे: किती, कशात आणि कसे

एकटी धावताना १०० किलोमीटरला बारा लिटर पेट्रोल घेणारी पिकअप मागे उंच, सपाट तोंडाचा ट्रेलर जोडला की तेवढ्याच अंतराला पंचवीस लिटरपर्यंत जाते, आणि समोरचा वारा किंवा लांब चढ लागला की हा आकडाही मागे पडतो. ९८ लिटरच्या, म्हणजे अमेरिकेच्या मापाने २६ गॅलनच्या टाकीतले तळाचे पंधरा लिटर हिशेबात धरायचे नाहीत असे ठरवले, तर ट्रेलरविना ६९० किलोमीटर जाणारी हीच गाडी ट्रेलरसह ३३० किलोमीटरवर पंप शोधू लागते. अशा वेळी हौद्यात पेट्रोलचे दोन डबे टाकावेत असे मनात येणे साहजिक आहे आणि ते चुकीचेही नाही. मात्र धोका जितका डब्यांच्या संख्येवर, तितकाच भरलेले डबे किती तास गाडीवर राहतात यावर अवलंबून असतो. म्हणून पुढील सर्व सूचनांमागे एकच धोरण आहे: डबे रिकामे न्यावेत, शक्य तितके उशिरा भरावेत आणि भरल्यावर पहिल्याच सोयीच्या जागी टाकीत रिते करावेत.

डबे विकत घेण्याआधी कागद-पेन्सिल घ्यावी. आपली गाडी आपला ट्रेलर ओढताना प्रत्यक्षात किती पेट्रोल घेते, हे एकदा टाकी पूर्ण भरून, शे-दोनशे किलोमीटर जाऊन आणि पुन्हा पूर्ण भरून मोजावे. डॅशबोर्डवरील आकड्यावर या बाबतीत पूर्ण विसंबू नये. मग मार्गावरील दोन पंपांमधले सर्वांत मोठे अंतर काढावे. उटा राज्यात आय-७० महामार्गावर ग्रीन रिव्हर आणि सलायना या गावांच्या दरम्यान सुमारे १७५ किलोमीटर कोणतीही सोय नाही, आणि तसा इशारा देणारी पाटी पाहून अनेकांच्या पोटात गोळा येतो. पण ग्रीन रिव्हरला टाकी भरली तर वरच्या हिशेबाने तिथे एकाही डब्याची गरज नाही. पंचाईत होते ती त्याच महामार्गावर आणखी पूर्वेला, कोलोरॅडोत असलेल्या ग्रँड जंक्शनहून निघून ग्रीन रिव्हरला न थांबणाऱ्याची. याउलट अलास्कातील डाल्टन महामार्गावर कोल्डफूट ते डेडहॉर्स हे अंतर सुमारे ३८५ किलोमीटर असून मध्ये पंप नाही. पंचवीसच्या हिशेबाने तेथे ९६ लिटर लागतील, टाकीतले वापरण्याजोगे पेट्रोल ८३ लिटर आहे, आणि खडीचा रस्ता व वारा यांसाठी एकूण गरजेच्या एक-पंचमांश भाग राखीव धरला तर तूट सुमारे ३२ लिटरची निघते. म्हणजे वीस लिटरचे दोन डबे. असा ठोस आकडा निघत नसेल, तर डबे केवळ मनाच्या समाधानासाठी नेले जात आहेत असे समजावे.

हा आकडा खाली आणण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे वेग. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ताशी १०५ किलोमीटरऐवजी ९० ने गेल्यास तो एक-चतुर्थांशाहून अधिक कमी होतो. त्यातून पेट्रोलचा खप फक्त दहा टक्क्यांनी उतरला, तरी ४०० किलोमीटरला दहा लिटर, म्हणजे अर्धा डबा वाचतो. शिवाय ट्रेलरच्या अनेक टायरांची वेगमर्यादा ताशी १०५ किलोमीटरच असते, हे क्वचितच कोणी ध्यानात घेतो.

काही जण दुर्गम रस्त्यांसाठी नव्हे, तर पंपावर लांब ट्रेलर वळवण्याच्या कटकटीसाठी डबे बाळगतात. त्यापेक्षा मुक्कामी पोचल्यावर ट्रेलर सोडून एकट्या गाडीने पेट्रोल भरून आणणे आणि सकाळी भरल्या टाकीने निघणे बरे. वर्षातून अनेकदा लांब पल्ल्याचे ओढकाम करणाऱ्याने गाडी घेतानाच मोठ्या टाकीचा विचार करावा. फोर्ड एफ-१५० सारख्या गाडीला ३६ गॅलनची, म्हणजे सुमारे १३६ लिटरची टाकी मिळू शकते. कारखान्यातून बसवून आलेल्या टाकीइतकी सुरक्षित दुसरी कोणतीही सोय नाही, असे माझे मत आहे.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. हौद्यात बसवायच्या अ‍ॅल्युमिनियमच्या वा पोलादी जादा टाक्या आणि त्यांचे पंप बाजारात सर्रास दिसतात, पण त्यांपैकी बहुसंख्य केवळ डिझेलसाठी बनवलेले असतात. डिझेल साधारण ५२ अंश सेल्सिअसच्या वर तापल्याशिवाय ठिणगीने पेटेल इतकी वाफ सोडत नाही. पेट्रोल मात्र उणे ४० अंशांच्या आसपासही ती सोडते. ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, त्यामुळे ती वर उडून न जाता हौद्याच्या तळाशी आणि गाडीखाली साचते, आणि हवेत तिचे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास गेले तरी पेट घेण्यास पुरेसे होते. डिझेलच्या साध्या विद्युत पंपाच्या आतली ठिणगी अशा वाफेला पुरेशी आहे. म्हणून टाकीवर आणि पंपावर पेट्रोलसाठी मान्यता असल्याचा स्पष्ट उल्लेख नसेल, तर विक्रेता काहीही म्हणो, त्यांत पेट्रोल घालू नये. अमेरिकेत पेट्रोलला ‘गॅस’ म्हणतात आणि मराठी माणसाला त्यावरून सिलिंडर आठवतो. तेथे लेबल वाचताना हे ध्यानात ठेवावे.

डबे पेट्रोलसाठीच बनवलेले असावेत. अमेरिकेत पेट्रोलसाठी लाल, डिझेलसाठी पिवळा आणि केरोसीनसाठी निळा अशी रंगांची रूढी आहे. पाण्याचा कॅन किंवा तेलाचा जुना डबा चालणार नाही. वीस लिटरचा पोलादी जेरीकॅन मूळचा जर्मन लष्कराचा (ब्रिटिश सैनिक जर्मनांना ‘जेरी’ म्हणत, त्यावरून हे नाव पडले) आणि त्याच्या घडणीतच वरच्या भागात हवेसाठी जागा राखलेली असते, जी प्रसरणासाठी फार उपयोगी पडते. प्लास्टिकचा डबा हलका असतो आणि गंजत नाही; पण ऊन लागून त्याचे प्लास्टिक ठिसूळ होते, म्हणून फिकट पडलेला किंवा शिवणीवर चिरा दिसणारा डबा टाकून द्यावा. अमेरिकेतील २०२० च्या कायद्यानुसार, जुलै २०२३ पासून तयार होणाऱ्या पाच गॅलनपर्यंतच्या डब्यांमध्ये ज्वाला आत शिरू न देणारी योजना असावी लागते, आणि ती बहुधा तोंडाशी बसवलेल्या जाळीच्या रूपात दिसते. ओतायला अडचण होते किंवा नळी आत जात नाही म्हणून ही जाळी काढून टाकणारे लोक असतात. तसे कदापि करू नये.

भरण्याची पद्धत हा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. डबा हौद्यातच ठेवून भरू नये. हौद्यात प्लास्टिकचे अस्तर असेल तर डब्यावर जमा होणारा स्थिर विद्युतभार जमिनीत उतरू शकत नाही, आणि नोझल तोंडाजवळ येताच ठिणगी पडते. अशा आगी लागल्यामुळे अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षितता संशोधन संस्थेने, म्हणजे नायॉशने, १९९८ मध्ये यासंबंधी स्वतंत्र इशारा प्रसिद्ध केला होता. गालिचा घातलेल्या डिकीलाही हेच लागू आहे. डबा खाली उतरवून पंपाच्या फरशीवर ठेवावा, आधी गाडीच्या धातूच्या भागाला, पंपापासून जरा दूर, हात लावून अंगावरचा भार उतरू द्यावा, नोझलचे धातूचे टोक डब्याच्या तोंडाला सतत टेकलेले ठेवावे आणि सावकाश भरावे. नोझलचा खटका अडकवून ठेवू नये आणि भरताना मध्येच गाडीत जाऊन बसू नये, कारण आसनावरून उठताना शरीरावर पुन्हा भार जमतो.

डबा काठोकाठ भरणे ही काटकसर नव्हे. पहाटेच्या थंडीत भरलेले वीस लिटर पेट्रोल दुपारी पंचवीस अंशांनी तापले तर जवळपास अर्ध्या लिटरने फुगते. त्याला जागा हवी, म्हणून ९५ टक्क्यांवर थांबावे. त्यात उंचीची भर पडते. डेन्व्हरला सुमारे १६०० मीटर उंचीवर भरलेला डबा आय-७० वर पश्चिमेकडे जाताना आयझेनहॉवर बोगद्याशी सुमारे ३४०० मीटरवर पोचतो, तेव्हा बाहेरच्या हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन-तृतीयांश उरलेला असतो आणि प्लास्टिकचा डबा पोट फुगवून बसतो. हे दिसल्यास घाबरू नये, पण झाकण एकदम उघडू नये. इंजिन बंद करून, सावलीत, हवा खेळती असलेल्या जागी ते अगदी हळूहळू सैल करून वाफ जाऊ द्यावी. थंडीसाठी बनवलेले पेट्रोल अधिक वाफ सोडते, त्यामुळे वसंतातल्या पहिल्या उकाड्यात हा अनुभव जास्त येतो.

डबे ठेवायची जागा म्हणजे उघड्या हौद्याचा केबिनकडील भाग. केबिनमध्ये तर डबा नकोच. हौद्यावर बंद छत किंवा घट्ट आच्छादन असेल तर त्याखालीही नको, कारण तिथे वाफ कोंडते. ट्रेलरच्या आत ठेवणे सर्वांत वाईट, कारण राहण्याच्या ट्रेलरमध्ये प्रोपेन वायूवर चालणारा शीतकपाट वा पाणी तापवायचा बंब असतो आणि त्याची ज्योत कधी पेटेल हे आपल्या हातात नसते. ट्रेलरच्या मागच्या बंपरवर डबे लटकवलेले पुष्कळ दिसतात. मागून धडक बसली तर सर्वांत आधी तेच चिरडले जातील, आणि तेथील हादरेही सर्वाधिक असतात. डबे उभे ठेवावेत, झाकणाचा वायसर तपासावा, आणि हौद्यातल्या कड्यांना रॅचेटच्या, म्हणजे दांड्याने ताणायच्या पट्ट्यांनी दोन दिशांनी आवळावे, जेणेकरून ते पुढेही सरकणार नाहीत आणि उसळणारही नाहीत. पोलादी डबा पोलादी हौद्यावर घासत राहिला तर त्याचा तळ झिजतो, म्हणून खाली लाकडी फळी घालावी. उन्हासाठी वरून फिक्या रंगाचे सैल कापड पुरते, मात्र त्याने हवा अडता कामा नये. शंभरेक किलोमीटरनंतर पट्टे पुन्हा ताणावेत.

वजनाचा प्रश्न दोन डब्यांपुरता गौण आहे: चाळीस लिटर पेट्रोलचे तीस किलो, डब्यांचे आठ-दहा किलो. तरीही ट्रेलर ओढणाऱ्या पिकअपची भारक्षमता किती लवकर संपते हे पाहण्यासारखे आहे. हिचवर, म्हणजे ट्रेलर जोडायच्या गाडीच्या मागच्या सांध्यावर, ट्रेलरच्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार पडतो. ३२०० किलोचा ट्रेलर असेल तर तो ४०० किलोच्या आसपास जातो, आणि चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर ६८० किलो लिहिले असेल तर माणसे, सामान आणि पेट्रोल यांसाठी उरतात अवघे २८० किलो.

आता ओतण्याविषयी. टाकी रिकामी होण्याची वाट पाहू नये. टाकीत चाळीस लिटरची जागा होताच, म्हणजे अर्ध्याच्या अलीकडे काटा आला की, दिवसाउजेडी, रस्त्यापासून दूर आणि सपाट जागा पाहून दोन्ही डबे रिते करावेत. काळोखात, रस्त्याच्या कडेला, वाऱ्यापावसात डबा उचलण्याची वेळ बहुतेक वेळा उशिरा थांबल्यामुळेच येते. इंजिन बंद करावे, हॅन्डब्रेक ओढावा, ट्रेलरच्या चाकांना ठोकळे लावावेत, प्रोपेनची उपकरणे बंद करावीत आणि एक्झॉस्ट थोडा निवू द्यावा. अनेक नव्या गाड्यांच्या पेट्रोलच्या तोंडाला झाकण नसते, फक्त आतली झडप असते, आणि डब्याच्या साध्या नळीने ती उघडत नाही. त्यासाठी गाडीसोबत दिलेले खास नरसाळे लागते. ते गाडीत नेमके कुठे आहे हे घरीच शोधून ठेवावे. भरलेला पोलादी डबा वीस किलोच्या घरात जातो आणि तो खांद्याच्या उंचीवर धरून ओतणे प्रत्येकाला झेपेल असे नाही. डब्याच्या रचनेत चालत असेल तर हलवून सुरू होणारी, टोकाशी गोळीची झडप असलेली नळी वापरावी. तोंडाने पेट्रोल ओढणे जिवावर बेतू शकते, कारण ते घशातून फुप्फुसात जाते.

ओतताना आग विझवण्याचा सिलिंडर हौद्यात सामानाखाली नसावा, तर जमिनीवर, वारा जिकडून येतो त्या बाजूला आणि हाताशी असावा. पेट्रोलच्या आगीवर चालणारा कोरड्या पावडरीचा सिलिंडर योग्य, पाणी निरुपयोगी. पेट्रोल सांडल्यास ते पुसून, वास पूर्ण जाईपर्यंत थांबून मगच इंजिन सुरू करावे. कपड्यांवर सांडले असल्यास ते आधी बदलावेत.

नियमांविषयी थोडक्यात: अमेरिकेत खासगी प्रवासासाठी नेलेल्या अशा डब्यांना घातक मालवाहतुकीचे केंद्रीय नियम लागू होत नाहीत, मात्र हीच गाडी व्यवसायासाठी चालत असेल तर एका डब्यात ३० लिटर आणि अशा सर्व मालाचे मिळून २०० किलो ही मर्यादा पाळावी लागते. राज्यांचे नियम वेगळे असू शकतात. फेरीबोटीवर भरलेले सुटे डबे अनेकदा घेऊच देत नाहीत, आणि काही बोगद्यांवरही निर्बंध असतात, तेव्हा अशा टप्प्याआधी ते टाकीत रिते झालेले असले पाहिजेत.

सहल संपताना डब्यात काही उरले असेल तर ते घरी साठवू नये. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल दोन-तीन महिन्यांत उतरू लागते आणि ओलावा धरते, म्हणून उरलेले गाडीच्या टाकीत ओतून वापरून टाकावे. रिकामा डबा निरुपद्रवी समजून गॅरेजमध्ये बंबाशेजारी ठेवण्याची चूक मात्र फार होते: द्रवाने भरलेल्या डब्यापेक्षा वाफ आणि हवा यांच्या मिश्रणाने भरलेला डबा ठिणगीला अधिक लवकर प्रतिसाद देतो. तो उघड्यावर, सावलीत, ज्योतीपासून दूर, झाकण काढून वास जाईपर्यंत ठेवावा आणि त्यानंतरच झाकण लावून आत न्यावा.